कॉम्प्युटरवरचे संगीत : वाजते ते सगळेच टिकते असे नाही

आपल्या समाजात मलिदा, मेंदी, बार-मित्स्वा किंवा एखाद्या आजीचा ऐंशीवा वाढदिवस असला की गाणी हवीतच. पण पेटी आणि तबला वाजविणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून कोणी ऑर्गनीतवर ठेका लावतो, तर कोणाचा नातू कॉम्प्युटरवर साथ तयार करून देतो. ही चांगली गोष्ट आहे. साथीला माणूस नाही म्हणून गाणेच बंद पडण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

मात्र एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. कॉम्प्युटरवर वाजणारे संगीत आणि फाईलमध्ये उतरविलेले संगीत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या ओळखीच्या एका घरातील गृहस्थांनी निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकून जुन्या मराठी गाण्यांच्या साथी मोठ्या हौसेने तयार केल्या होत्या. त्यांच्या पश्चात मुलांनी कॉम्प्युटर उघडला. फाईली सगळ्या जागच्या जागी होत्या, पण ज्या प्रोग्रॅममध्ये त्या केल्या होत्या तो आता चालेना, आणि दुसरे कशात त्या उघडेनात. मेहनत समोर दिसत होती, पण ऐकू येत नव्हती. असा प्रसंग आणखी कोणावर येऊ नये म्हणून हा लेख.

कृती आणि मलिदा

वहीत मलिद्याची कृती लिहिली आहे असे समजा : पोहे इतके, नारळ इतका, साखर इतकी. ती वाचून कोणाचे पोट भरत नाही. कोणीतरी पोहे भिजवून, नारळ खवून मलिदा करावा लागतो. शिवाय तीच कृती लोदच्या बाईने केली तर एक चव आणि अश्दोदच्या बाईने केली तर दुसरी.

कॉम्प्युटरवर किंवा ऑर्गनीतवर जे संगीत आपण ‘सेव्ह’ करतो ते बहुधा अशी कृती असते. त्यात आवाज नसतो. अमुक क्षणी अमुक पट्टी दाबा, इतक्या जोराने दाबा, इतका वेळ धरा, बासरीच्या आवाजात वाजवा, एवढ्याच सूचना असतात. या सूचनांची भाषा म्हणजे ‘मिडी’. ती १९८३ साली प्रचारात आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये त्यामुळे एकमेकांशी बोलू लागली. १९९१ मध्ये १२८ आवाजांची एक सर्वमान्य यादी ठरली, म्हणजे कोणत्याही यंत्राला ‘पहिला आवाज’ म्हटले की पियानोच वाजेल. या यादीत सतार आहे, सनई आहे, पण तबला नाही. म्हणून घरच्या ऑर्गनीतवर छान तबला लावून केलेली मिडी फाईल मुलीच्या कॉम्प्युटरवर वाजविली तर तबल्याच्या जागी भलतेच ढोल ऐकू येतात. फाईल बिघडलेली नसते. कृती तीच आहे, पण त्या घरात ते सामान नाही.

ध्वनीची फाईल म्हणजे ताटात वाढलेला मलिदा. त्यात प्रत्यक्ष आवाज असतो. ती फोनवर, गाडीत, टेलिव्हिजनवर, कोठेही सारखीच वाजते. वाजविण्यासाठी मूळ प्रोग्रॅम लागत नाही, आणि ज्याने ती केली तो माणूसही लागत नाही. आपल्याला पोहोचायचे आहे ते येथपर्यंत.

आपल्या घरी काय आहे हे ओळखणे सोपे आहे. चार मिनिटांच्या गाण्याची फाईल काही दशक किलोबाइटचीच असेल तर ती कृती आहे. ती ३-४ मेगाबाइट किंवा त्याहून मोठी असेल आणि फोनवर वाजत असेल तर ती ध्वनी आहे.

तीन जुन्या यंत्रांची हकिगत

हा फरक नवा नाही. कॉम्प्युटरने संगीत वाजविण्याच्या पहिल्या दिवसांपासून तो आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे ‘सिसरॅक’ नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता. १९५१ च्या सुमारास त्याने लोकांसमोर गाण्याच्या चाली वाजविल्या. पण त्या वेळी कोणी त्याचे ध्वनिमुद्रण केले नाही. यंत्र आज मेलबर्नच्या संग्रहालयात उभे आहे, आणि पुढे अभ्यासकांनी त्या चाली खटपटीने पुन्हा तयार केल्या, पण त्या दिवशीचा तो आवाज कायमचा गेला.

त्याच १९५१ साली इंग्लंडमधील मँचेस्टरच्या कॉम्प्युटरनेही तीन चाली वाजविल्या. तेथे बीबीसीची माणसे गेली आणि त्यांनी तबकडीवर मुद्रण केले. ती तबकडी राहिली. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या दोन संशोधकांनी ती तपासली तेव्हा सूर चुकीचे ऐकू येत होते. त्या यंत्राला कोणते सूर काढता येत होते आणि कोणते येत नव्हते याचा त्यांनी हिशोब मांडला. तबकडीची गती चुकली आहे हे त्यावरून सिद्ध झाले, आणि गती सुधारताच मूळ आवाज परत मिळाला. यंत्र अडखळले तेव्हाचे माणसांचे हसणेसुद्धा त्यात आहे. मुद्रण सदोष होते, तरी होते, म्हणून दुरुस्त करता आले. नसलेल्या मुद्रणाची दुरुस्ती कोणी करू शकत नाही.

तिसरी हकिगत अमेरिकेची. १९५७ मध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएमच्या कॉम्प्युटरवर १७ सेकंदांचे संगीत तयार केले. कॉम्प्युटर इतका संथ होता की वाजविता वाजविता हिशोब करणे त्याला शक्यच नव्हते. म्हणून त्याने आधी आवाजाचे सगळे आकडे चुंबकीय फितीवर लिहून काढले, आणि मग ती फीत दुसऱ्या यंत्रावर लावून आवाज ऐकला. आज आपण प्रोग्रॅममध्ये ‘एक्सपोर्ट’ करतो तेव्हा हेच घडते. कॉम्प्युटर गाणे वाजवीत बसत नाही, आवाजाचे आकडे लिहीत जातो. म्हणून चार मिनिटांचे गाणे कित्येकदा काही सेकंदांत उतरते, आणि त्यात पंख्याचा किंवा शेजारच्या कुत्र्याचा आवाजही येत नाही.

फाईल करण्याच्या वाटा

पहिली आणि उत्तम वाट एक्सपोर्टची. प्रोग्रॅमच्या ‘फाईल’ या यादीत ‘एक्सपोर्ट’ शोधावे. कॉम्प्युटर हिब्रूत असेल तर ‘यित्सू’ हा शब्द दिसेल. नुसते ‘श्मिरा’ म्हणजे सेव्ह केले तर कृतीच साठविली जाते, हे विसरू नये. एक्सपोर्टमध्ये ‘वेव्ह’ किंवा ‘एमपी-थ्री’ असा प्रकार विचारला जातो. तो निवडला की काम झाले.

हाताशी नुसती मिडी फाईल असेल आणि मूळ प्रोग्रॅम नसेल, तरी निराश होऊ नये. ‘म्यूझस्कोअर’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम मिडी फाईल उघडतो आणि तिची ध्वनी फाईल करून देतो. आवाज अगदी मूळच्यासारखे नसतील, पण चाल हाती लागेल. ‘ऑडॅसिटी’ हा दुसरा फुकट प्रोग्रॅम पुष्कळांकडे असतो. त्यातही मिडी फाईल उघडते, सूर पडद्यावर दिसतात, पण त्यातून तिची ध्वनी फाईल निघत नाही. तेथे तासन्‌तास खटपट करणारे आम्ही पाहिले आहेत.

दुसरी वाट म्हणजे कॉम्प्युटर जे वाजवीत आहे ते कॉम्प्युटरच्या आतच पकडणे. प्रोग्रॅममध्ये एक्सपोर्ट नसेल तेव्हा ही कामी येते. विंडोजवर ऑडॅसिटीत ध्वनीचा मार्ग ‘वासापी’ निवडून मुद्रणासाठी ‘लूपबॅक’ असे लिहिलेले साधन घेतले की स्पीकरकडे जाणारा आवाज थेट फाईलमध्ये उतरतो. येथे गाणे जितके लांब तितकाच वेळ लागतो. एक सावधगिरी मात्र हवी : कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप किंवा टपालाची घंटी चालू असेल तर तीही गाण्यात उतरेल. ती आधी बंद करावी.

तिसरी वाट ऑर्गनीतवाल्यांसाठी. अलीकडच्या पुष्कळ ऑर्गनीतमध्ये डिस्क-ऑन-की लावण्याची सोय असते आणि मुद्रणाचे दोन प्रकार असतात. एक गाण्याच्या सूचना साठवितो, दुसरा प्रत्यक्ष ध्वनी. ‘ऑडिओ’ असे लिहिलेला प्रकार निवडावा. जुन्या ऑर्गनीतमध्ये ही सोय नसेल तर हेडफोनच्या भोकातून केबल काढून कॉम्प्युटरला जोडावी. हल्लीच्या लॅपटॉपला अशी केबल सरळ घेता येत नाही. मध्ये एक लहान डबी लागते, ती यूएसबीने जोडतात. सुरुवातीला ऑर्गनीतचा आवाज अगदी कमी ठेवून मग हळूहळू वाढवावा.

चौथी वाट सर्वांना ठाऊक आहे : स्पीकरसमोर फोन धरणे. काहीच जमत नसेल तर तेही करावे. परंतु खोलीचा घुमणारा आवाज, खुर्च्यांची कुरकुर आणि ‘चहा घेता का?’ हे सगळे त्यात कायमचे राहते.

थोडे आकडे

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मापे, प्रत्येक माप १६ बिटांचे, आणि डावा-उजवा असे दोन कान. याचा हिशोब मिनिटाला सुमारे १०.५ मेगाबाइट इतका होतो. म्हणजे चार मिनिटांचे गाणे वेव्ह प्रकारात ४२ मेगाबाइट होते. तेच एमपी-थ्रीमध्ये, १९२ या दर्जाने, सुमारे ६ मेगाबाइट होते. एमपी-थ्री हा प्रकार कानाला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून फाईल लहान करतो. गाळलेले पुन्हा मिळत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे : जपून ठेवायची प्रत वेव्हमध्ये, आणि वाटायची प्रत एमपी-थ्रीमध्ये. जागेची चिंता करू नये. ८ जीबीच्या साध्या डिस्क-ऑन-कीवर वेव्हमधील पावणेदोनशे गाणी मावतात.

आवाज किती मोठा ठेवावा? मुद्रण करताना पडद्यावर हिरवी पट्टी हालते. ती लाल झाली की आवाज फाटला असे समजावे, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. कमी आवाज मात्र नंतर वाढविता येतो. तेव्हा सर्वांत मोठ्या जागीसुद्धा पट्टी लालच्या बरीच खाली राहील असे पाहावे. सुरुवातीला दोन सेकंद शांतता सोडावी, आणि शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत थांबावे. घाईने तोडलेला शेवट दर वेळी कानाला खटकतो.

पट्टी आधी ठरवा

कृती असेपर्यंत गाण्याची पट्टी बदलणे हे एका बटणाचे काम असते. काळी चारची साथ पांढरी दोनमध्ये आणली तरी आवाज बिघडत नाही. एकदा ध्वनी झाला की मात्र तो खाली-वर ओढावा लागतो, आणि थोडाफार का होईना, बिघडतोच. गतीचेही तेच. म्हणून एक्सपोर्ट करण्यापूर्वी गाणाऱ्याला बसवून एकदा म्हणून पाहावे. साठाव्या वर्षी जी पट्टी सहज लागत होती ती ऐंशीव्या वर्षी लागत नाही, यात संकोच कसला? बायकांच्या पट्टीची एक आणि पुरुषांच्या पट्टीची एक अशा दोन फाईली कराव्यात. चाल वाजविणारी एक आणि चालीशिवाय नुसत्या साथीची एक, अशाही कराव्यात. पहिली शिकण्यासाठी, दुसरी म्हणण्यासाठी.

आधी गळा, मग साथ

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या जुन्या गाण्यांपैकी कित्येक कोणत्याही पुस्तकात सुरांसह लिहिलेली नाहीत. शब्द वहीत असतील, पण चाल गळ्यात आहे. कीर्तनातील पदे, लग्नघरची गाणी, हझानसाहेबांच्या तोंडून ऐकलेली एखादी वेगळी चाल, हे सगळे ज्यांच्याजवळ आहे ती माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत.

नातवंडे उत्साहाने म्हणतात, ‘आजी, मी साथ करतो, तू त्यावर म्हण.’ या क्रमाला आमचा आक्षेप आहे. कॉम्प्युटरचा ठेका घड्याळासारखा चालतो, आणि त्याचे बारा सूर एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर बसविलेले असतात. पेटीचे सूरही ठरलेलेच असतात, पण पेटीवाला गाणाऱ्याच्या मागे जातो. आजी एखाद्या शब्दावर थांबली की तोही थांबतो. कॉम्प्युटर थांबत नाही. मग आजीच घाई करते, वळण सोडून देते, हरकत गिळून टाकते, आणि फाईलमध्ये राहते ती यंत्राच्या सोयीची चाल. पुढची पिढी तिलाच मूळ चाल समजेल.

म्हणून आधी नुसता गळा मुद्रित करावा. साथ नको, ठेका नको. खोलीची खिडकी आणि पंखा बंद करावा, फोन किंवा मायक्रोफोन तोंडापासून एक वीतभर दूर आणि जरा बाजूला ठेवावा, आणि आजीला हवे तसे म्हणू द्यावे. शब्द विसरला, खोकला आला, मध्येच ‘ही चाल आमच्या आईची’ असे ती म्हणाली, तर ते काढून टाकू नये. ही फाईल जशीच्या तशी वेगळी ठेवावी. तिला हात लावू नये.

त्यानंतर तीच फाईल समोर ठेवून नातवाने साथ बसवावी, आणि गळ्याप्रमाणे साथ वळवावी. नंतर साथीवर पुन्हा म्हणायचे असेल तर कानाला हेडफोन, म्हणजे ओझनियोत, लावून म्हणावे, नाहीतर स्पीकरमधील साथ मायक्रोफोनमध्ये शिरते आणि मग दोन्ही वेगळे करता येत नाहीत. साथ पुन्हा करता येईल, दहा वेळा करता येईल. आजीचा गळा पुन्हा कोठून आणणार?

नाव, गाव आणि प्रती

‘रेकॉर्डिंग ७’ अशा नावाची फाईल पाच वर्षांनी कोणालाच कळत नाही. फाईलच्या नावात गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव आणि साल असावे. काही जुन्या यंत्रांवर मराठी किंवा हिब्रू अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले तर बरे. शिवाय मुद्रणाच्या सुरुवातीलाच तोंडी सांगावे : हे गाणे कोणते, कोण म्हणत आहे, कोणाकडून शिकले, कोकणातले मूळ गाव कोणते, आज तारीख काय. नाव पुसले गेले तरी बोललेले राहते.

प्रती तीन असाव्यात : एक कॉम्प्युटरवर, एक डिस्क-ऑन-कीवर किंवा वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरी. घरी केलेल्या सीडीवर विसंबू नये. अशा सीडी वर्षांनी वाचेनाशा होतात. डिस्क-ऑन-कीही वर्षातून एकदा उघडून पाहावी. व्हॉट्सअॅपने पाठवायचे असेल तर ध्वनी-संदेश म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे फाईल जशी आहे तशी पोहोचते. येरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात निरनिराळ्या ज्यू समाजांच्या संगीताचा मोठा ध्वनिसंग्रह आहे. त्याचा पाया १९६४ साली घातला गेला. आपल्या मराठी गाण्यांची चांगली, नाव-गाव लिहिलेली मुद्रणे हाती असतील तर अशा ठिकाणी विचारणा करता येते. नाव-गाव नसलेल्या फाईलचे तेथेही काय करणार?

एवढे सगळे वाचून कोणी घाबरू नये. सगळे एकदम करायचे नाही. या आठवड्यात, शब्बात संपल्यावर, घरातील कॉम्प्युटर किंवा ऑर्गनीतवरील एकच गाणे निवडावे, त्याची वेव्ह फाईल करावी, आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर वाजवून पाहावी. तेथे वाजली की ते गाणे एका यंत्राच्या तावडीतून सुटले. मग पुढच्या आठवड्यात दुसरे. आणि घरात कोणी वडीलधारे असतील, तर पहिला मान त्यांच्या गळ्याला द्यावा, कॉम्प्युटरला नंतर.